शेंदराखालचा मणका

माणसं देव बघायला लांबलांब जातात, त्यात नवल नाही. आम्ही मात्र आमच्याच घरातला देव बघायला नर्मदेच्या पलीकडं, धार जिल्ह्यातल्या एका खेड्यात जाऊन आलो. परत आल्यापासून उस्मानपुऱ्यातल्या आमच्या गल्लीतल्या बायका विचारतात, काय बघितलं, कसं झालं, देव मिळाला का. एका दमात सांगता येत नाही. सांगायला लागले की मध्येच कुणाच्या तरी कुकरची शिट्टी होते आणि राहून जातं. म्हणून आता लिहूनच काढते.

देवगाव रंगारी

माझं सासर देवगाव रंगारीचं. आम्ही दोघं नोकरीपायी शहरात आलो ते इथलेच झालो, पण शेत, देव आणि थोरल्या जाऊबाई गावाकडंच राहिल्या. जाऊबाईंचं नाव सोनाबाई. मी त्यांना बाई म्हणते, त्या मला धाकली म्हणतात. आता माझे केस पिकले तरी मी धाकलीच.

आमच्या घरात सासऱ्यांच्या बापापर्यंत सगळे मेंढरांमागं फिरणारे. मामंजींनी हळूहळू मेंढरं कमी केली, गावात जमीन घेतली आणि बस्तान बसवलं. ओसरीला कोनाडा, कोनाड्यात देव. देव म्हणजे नारळापेक्षा मोठा, लालभडक शेंदराचा गोळा. दर चंपाषष्ठीला तिळाच्या तेलात कालवलेला शेंदूर त्याच्यावर चढायचा, त्यामुळं दरसाल जरा जरा फुगत चाललेला. त्याच्यापुढं तळी भरायची, भंडार उधळायचा, मग पुरणाचा नैवेद्य.

मामंजी सांगायचे, पहिल्याच नांगरटीला फाळ अडला, उकरून बघितलं तर देव. आपण रानात पाऊल टाकलं आणि देव आपणहून वर आला. हे गावानं मानलं बरं का. मेंढरामागं फिरणाऱ्या माणसाला गाव लवकर आपलं म्हणत नाही. पण ज्याच्या रानात देव निघाला त्याला उपरा कोण म्हणणार? मोठ्या घरच्या बायकासुद्धा आमच्या ओसरीवर नारळ घेऊन यायच्या. मी नवी नवरी होते तेव्हा मला त्याचा फार मान वाटायचा.

तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात त्या शेंदराचा एक पापुद्रा निखळून पडला. बाईंचा मुलगा ज्ञानोबा वाळूजला कारखान्यात आहे, गावाहून जाऊन येऊन करतो. त्याला मोबाइलवर नाही नाही ते बघायचा नाद. पापुद्र्याखाली जे दिसलं ते त्यानं मोबाइलवर बघितलेलं होतं: दगडच, पण आत खारी बिस्किटासारखी बारीक बारीक भोकं. त्यानं फोटो काढून पाठवले. त्या धार जिल्ह्यातल्या खेड्यात एक रिटायर मास्तर आहेत. डायनासोरची हाडं गोळा करतात आणि लोकांना बघायला मांडतात. त्यांनी उलट कळवलं, हे हाड दिसतंय, लाखो वर्षांत दगड झालेलं, प्रत्यक्ष बघायला मिळालं तर बरं.

बाई तेव्हा सिल्लोडला लेकीच्या बाळंतपणाला गेलेल्या. ज्ञानानं देव पोत्यात गुंडाळला आणि नेऊन दिला. त्याच्या मनात पाप नव्हतं, हे मी कुणापुढंही सांगेन. देव नीट मांडला जाईल, खाली देवगाव रंगारीचं नाव लागेल, चार माणसं बघतील, माय खूश होईल, असा त्याचा हिशेब.

माय आली. कोनाडा रिकामा. त्या दिवसापासून बाई ज्ञानाशी बोलल्या नाहीत.

तसा आमच्याकडं अबोला काही नवा नाही, पण तो चार दिवसांचा असतो. हा सरता सरेना. त्याला ताट वाढायच्या, ताप आला तर काढा करायच्या, पण बोलणं दुसऱ्याच्या तोंडून. घरात कुणीच नसलं तर म्हशीला सांगायच्या, "आभाळ आलंय, कडबा झाकाया पायजे कुनीतरी." ज्ञाना उठून कडबा झाकायचा.

यंदा चंपाषष्ठी जवळ आली तसा बाईंचा मला फोन. "धाकले, देव आनाया जायचंय. डोळं मिटायच्या आत मला त्यो कोनाड्यात दिसला पायजे. गाडी त्यो चालवंल. पन बोलाया तू पायजेस."

घाट उतरून

सकाळी निघालो. पुढं ज्ञाना, मागं मी आणि बाई, आणि आमच्या दोघींच्या मध्ये एक टोपली. टोपलीत कापसाची गादी केलेली, देवाला झोपवून आणायला. शिवाय नारळ, भंडाराची पुडी, शेंदराचा डबा आणि तेलाची बाटली. कन्नडच्या पुढं घाट लागला. मोठ्या गाड्यांना बंदी असल्यानं रस्ता मोकळा होता, तरी बाईंचा जीव मुठीत.

"धाकले, त्याला म्हनावं हळू हाण."

"ज्ञाना, हळू रे बाबा."

"काकू, मायला सांगा, चाळीसच्या वर काटा नाय."

"मला ऐकू येतंय," बाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "म्हनावं चाळीस बी लई हाय."

असं करत घाट उतरलो. चाळीसगाव मागं पडल्यावर माझ्या मांडीला काहीतरी ओलं लागलं. बघते तर तेलाची बाटली कलंडलेली, तेल शेंदराच्या डब्यात गेलेलं, आणि त्या दोघांचं लग्न माझ्या पातळावर लागलेलं. रस्त्याकडेला उतरून मी पातळ झटकत होते आणि ज्ञाना पोटावर हात धरून हसत होता. बाईंच्या तोंडावर पदर, पण खांदे हलत होते. तेवढ्यापुरती माय-लेक एका बाजूला झाली. त्या दोघांना एका गोष्टीवर हसताना मी कितीतरी दिवसांनी बघितलं, म्हणून मी पातळाचं काही वाटून घेतलं नाही. धुळ्याच्या पुढं ढाब्यावर शेवभाजी खाल्ली, ती इतकी तिखट की नाकातून पाणी. ज्ञाना मागवून मागवून खात होता. बाईंनी आपलं दशमीचं फडकं सोडलं.

शिरपूर गेलं, सातपुडा चढायला लागलो, तशा बाई गप्प झाल्या. आधी मला वाटलं गाडी लागली. पण त्या बघत होत्या. रस्त्याकडं नाही, रस्त्याच्या बाजूला, खाली, ओहोळांकडं. मध्येच म्हणाल्या, "हितं चिंचा व्हत्या."

"कुठं, बाई?"

"काय नाय."

नर्मदेच्या पुलावर ज्ञानानं गाडी हळू केली. बाईंनी हात जोडले. पाणी एवढं पसरलेलं की पलीकडचं माणूस दिसू नये. "लई पानी झालं," त्या म्हणाल्या.

"तुम्ही कधी बघितली होती हो?"

"चल म्हनावं पुढं."

मी काही ते धरून ठेवलं नाही. म्हातारं माणूस प्रवासात काहीबाही बोलतं, असं मनात आलं. मीही म्हातारीच आहे हे तेव्हा विसरले.

माडसाबांच्या दोन खोल्या

तिकडं मास्तरला माडसाब म्हणतात. हे माडसाब शिडशिडीत, डोक्याला मफलर, खिशात एक जुना दातांचा ब्रश. तो हाडं साफ करायला. पंचायतीचं पडीक धान्याचं गोदाम त्यांनी मागून घेतलंय, त्याच्या दोन खोल्या म्हणजे त्यांचं संग्रहालय. बाहेर दारात ताडाची झाडं, त्यांना मडकी बांधलेली. मी माझ्या इकडच्या हिंदीत म्हणाले, "हमकू वो हड्डीवाला पत्थर देखना है, हमारे इधर से आयेला." माडसाब इतके गोड हसले. म्हणाले, "आप तो हैदराबाद से आए लगते हो." मी म्हणाले, नक्को, संभाजीनगर. मग तर अजूनच हसले.

आत गेलो. मला वाटलं होतं, काचेची कपाटं वगैरे असतील. इथं शाळेचे जुने बाक लावलेले, बाकांवर वाळूचे ट्रे, वाळूत हाडं ठेवलेली, म्हणजे घरंगळू नयेत. प्रत्येकापुढं हातानं लिहिलेलं कार्ड. एका कोपऱ्यात गोल गोल दगड, ती अंडी. तिथले लोक त्या अंड्यांना रानात देव म्हणून पुजायचे, शिवेवर ठेवायचे, जनावरांची राखण करतो म्हणून नारळ फोडायचे. ऐकून बरं वाटलं. आपणच एकटे नाही.

आणि मधोमध सुतळीची खाट. खाटेवर एक मांडीचं हाड आडवं टाकलेलं, माझ्यापेक्षा लांब. एवढं लांब टेबल गावात कुणाकडं नव्हतं म्हणून माडसाबांनी घरातली खाट आणली. अंगाखाली गोधडी, उशाला गोधडी. बाई दारातच थबकल्या. "कोन आजारी हाय गं?" मला हळूच म्हणाल्या. मी ते माडसाबांना सांगितलं, तर त्यांनी खरंच त्या हाडावर हात फिरवला, आजाऱ्याच्या कपाळावरून फिरवावा तसा.

मग त्यांनी आम्हाला समजावलं. कुणी गावकरी हाड घेऊन आला तर ते आधी हाड बघतच नाहीत. म्हणतात, चल, जागा दाखव. जिथं सापडलं तिथं खुंटी ठोकतात, खुंटीला लाल चिंधी बांधतात. एकाच जनावराची हाडं आसपास असतात, मातीवरून त्याचं वय कळतं, शेजारी काय होतं त्यावरून ते कसं मेलं तेही कळतं. "पहले जगह, फिर हड्डी," ते म्हणाले. जागा नसलेलं हाड त्यांच्या लेखी नाव-गाव नसलेल्या माणसासारखं.

"आमचा कुठं आहे?" मी विचारलं.

माडसाब ज्ञानाकडं बघून अवघडले. मग खाली वाकून त्यांनी बाकाखालून एक ट्रे ओढला. मांडलेल्या हाडांत नव्हता आमचा देव. बाकाखाली होता.

कारण त्यांनी सरळ सांगितलं. ज्ञानानं जागा सांगितली देवगाव रंगारी, स्वतःच्या शेतातली. पण आपल्याकडचा काळा दगड, ज्यात वेरूळ कोरलंय, तो आगीचा रस थिजून झालेला. त्यात असलं हाड निघत नाही, निघूच शकत नाही. इंदूरहून एक प्रोफेसर आले होते, त्यांनी कार्ड वाचलं आणि म्हणाले, कुणीतरी बनवाबनवी केलीय, हे मांडलंत तर तुमच्या बाकीच्या हाडांवरही कुणी विश्वास ठेवणार नाही. माडसाबांना टाकवलं नाही आणि मांडवलंही नाही.

ज्ञाना लाल झाला. "मी कशाला बनवाबनवी करू? आज्यानं सांगितलं तेच सांगितलं. आख्ख्या गावाला विचारा."

बाईंना हिंदी फारसं कळत नाही, पण त्या ऐकतच नव्हत्या. त्या ट्रेकडं बघत होत्या. माडसाबांनी आख्खा पावसाळा बसून बांबूच्या चोयट्यानं शेंदूर उतरवला होता. उतरलेला शेंदूर फुलं वाहून नर्मदामाईत सोडला, असं त्यांनी मला हात जोडून सांगितलं. राहिला होता तो मातकट रंगाचा, दोन्ही बाजूंना पसरट आणि मधी कंबर असलेला दगड. थेट डमरू. पाठीच्या कण्यातला मणका, माडसाब म्हणाले. मला ओळखू आला नाही. एवढी वर्षं ज्याच्यापुढं डोकं टेकलं तो हा? मला वाटलं, आता बाई इथंच हंबरडा फोडतात.

बाई खाली बसल्या. दोन्ही हातांनी तो उचलून मांडीवर घेतला, उलटा केला, एका बाजूचा टवका अंगठ्यानं चाचपला. आणि म्हणाल्या, "ह्योच. असाच व्हता."

"असाच म्हणजे?" मी विचारलं. "बाई, तुम्ही त्याला बिनशेंदराचा कधी बघितला?"

बाईंनी माझ्याकडं बघितलं. ज्ञानाही बघत होता. माडसाबांना मी अर्थ सांगितला तसे तेही गुडघ्यावर बसले. "माताजी, कहाँ था ये?"

बाईंनी देव ट्रेमध्ये ठेवला आणि डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

माडसाबांच्या अंगणात

संध्याकाळी माडसाबांच्या घरी मुक्काम. त्यांच्या अंगणात मिरच्या वाळत घातलेल्या, आख्खं अंगण लाल. आम्ही दोघी कडेला बसलो. बाई कितीतरी वेळ एका मिरचीचं देठ खुडत होत्या.

"धाकले, सासऱ्याला वचन दिलं असंल तर ते सासरा गेल्यावर सुटतं का?"

"कसलं वचन?"

मग त्यांनी मला सांगितलं. ऐकताना मला आमचं घर, ओसरी, सगळं पुन्हा नव्यानं दिसायला लागलं.

"आता बोलले तर मामंजी खोटे पडतील," बाई म्हणाल्या. "आख्ख्या गावापुढं."

मामंजींचा माझ्यावर फार जीव होता. तरी मनात आलं ते बोलले. "मामंजी तर आता सगळ्याच्या पलीकडं गेले. आज खोटा पडतोय तो ज्ञाना."

बाई उठल्या, माडसाबांच्या बायकोला मिरच्या गोळा करू लागल्या.

सकाळी आम्हाला पानिये खायला घातले. मक्याचं पीठ मळायचं, पानांत दाबायचं आणि गोवऱ्यांच्या आरावर भाजायचं. वर उडदाची डाळ. मी सिल्लोडकडची मक्याची भाकर खाऊन वाढलेली, मला वाटायचं मका आपल्याला कळतो. पण त्या पानाचा वास काही वेगळाच. सोबत पेल्यात पांढरं, गोडसर काहीतरी दिलं. मी नीरा समजून दोन पेले प्याले. ती ताडी होती, हे ज्ञानानं नंतर सांगितलं. त्या सकाळी मला सगळ्यांबद्दल फार प्रेम वाटत होतं, त्यातलं थोडं ताडीचंही असेल.

खाणं झालं, हात धुतले, आणि बाई मला म्हणाल्या, "धाकले, मास्तरला सांग. आन त्याला बी ऐकू दे." ज्ञाना तिथंच हाताच्या अंतरावर बसला होता.

"लगीन होऊन पयलंच वरीस माजं," बाई सांगायला लागल्या. "आपल्याकडं पानी नव्हतं, म्हनून मेंढरं सातपुड्याच्या वर आनली. लई लांब आलो त्या साली. हिकडंच कुठं तरी एक नाला व्हता. तिथं मेंढी याली. तर कोकराला चाटायचं सोडून ती एका दगडाला चाटत बसली. हुसकली तरी फिरून तिथंच. मामंजी म्हनले, जित्राब उगं चाटत नाय, हितं काय तरी हाय. उकरला. डमरूवानी निघाला. मामंजींनी डोक्याचा पटका काढला आन त्यात बांधला. घोड्यावरच्या बाचक्यात घालून घरी आनला. वाटंनं कोकरू मी घेतलं व्हतं, देव घोड्यानं."

"काकू, तिला इचारा," ज्ञानाचा आवाज बदलला होता, "मग शेतात निघाला ते?"

"रान घेतल्यावर मामंजींनी त्यो नांगराच्या वाटंवर पुरला. मी बघितलं. मला म्हनले, सोने, ह्ये तुज्यापाशीच राहू दे. गावानं आपल्याला ठिवून घेतलं पायजे." बाई थांबल्या. "ठिवून घेतलं गावानं. मग मी बी ठिवून घेतलं."

मी माडसाबांना एकेक वाक्य हिंदीत सांगत होते, जसं जमेल तसं. त्यांनी एकच विचारलं, नाल्याची खूण काय.

"मातीची घोडी व्हती," बाई म्हणाल्या. "झाडाखाली वळीनं मांडलेली, लहानलहान. मी पयलीच बार बघितली, म्हनून ध्यानात ऱ्हायलं. त्या घोड्यांच्या खालच्या अंगाला."

माडसाबांच्या चेहऱ्यावर आधी आनंद आला, मग तो तसाच विझत गेला. असं माणसाच्या तोंडावर मी क्वचितच बघितलंय. त्यांना जागा कळली होती.

तळं

गाडीनं थोडं गेलो, मग शेतातून पायी. हरभरा गुडघ्याला यायला लागलेला, कापसाची शेवटची वेचणी चाललेली. चढ संपला आणि समोर पाणी. मोठं, निळं, स्वच्छ तळं. पलीकडं मातीचा बांध. दोन पावसाळ्यांपूर्वी भरलं, माडसाब म्हणाले. गावाला पाणी झालं, दुसरं पीक आलं, कुणी वाईट म्हणत नाही.

काठावर एका नव्या झाडाखाली घोडी होती. भाजलेल्या मातीची, वीतभर उंचीची, काही नवी लालभडक, काही पाय मोडलेली, काहींची मुंडकी गेलेली. नवस फिटला की तिथले लोक आणून ठेवतात. आपल्याकडं नारळ किंवा पाळणा बांधतात तसं. जुनं ठाण खाली नाल्याकाठी होतं. पाणी येणार म्हणून लोकांनी सगळी घोडी टोपल्यांत घालून वर आणली आणि पाण्याकडं तोंड करून मांडली.

"खाली कुठं?" मी विचारलं.

माडसाबांनी बोट दाखवलं. नुसतं पाणी. त्यावर दोन पाणकोंबड्या.

मग ते बोलले ते मला विसरता येत नाही. ज्ञाना हाड घेऊन आला तेव्हा तो नाला उघडा होता. तळ्याचं काम सुरू होतं, पण उतार उघडा होता. त्या दिवसांत ते स्वतः रोज त्या बाजूला फिरत होते, काही सापडतंय का बघत. पण नाला लांबलचक, आणि एकट्या माणसानं कुठं कुठं उकरायचं? कुणी फक्त म्हणालं असतं, घोड्यांच्या खालच्या अंगाला, तर दोन दिवसांचं काम होतं. मणका एकटा नसतो, ते म्हणाले. त्याच्या मागं-पुढं रांग असते.

ते रागानं बोलत नव्हते. नुसतं सांगत होते. मी ते मराठीत सांगायची गरज नव्हती. ज्ञानाला हिंदी चांगलं येतं. तो पाण्याच्या अगदी काठाला जाऊन उभा राहिला, बूट भिजले तरी मागं सरेना. आख्खं जनावर त्या पाण्याखाली होतं, आणि ज्ञानाच्या घरात, त्याच्याच चुलीपुढं, जागा माहीत असलेलं माणूस रोज भाकरी थापत होतं.

बाईंनी टोपली उघडली. मला वाटलं, आता देव मागतील. माडसाबांनाही तसंच वाटलं असावं. ते आपणहून म्हणाले, माताजी, तुमचा आहे, घेऊन जा, मी पोत्यात बांधून देतो. देव माडसाबांनी सोबत आणला होता, छातीशी धरून. जागा मिळाली तर तिथं ठेवून फोटो काढायचा म्हणून.

बाईंनी तो हातात घेतला. किती वेळ घेऊन उभ्या होत्या. कापसाची गादी टोपलीत तशीच.

"ह्याचं सगळं गनगोत हितं हाय," त्या म्हणाल्या. "मी नेला तर कोनाड्यात एकटाच बसनार. इतकी वरसं बसलाच की." आणि देव माडसाबांच्या हातात दिला.

नारळ पाण्याच्या काठावर फोडला. भंडार घोड्यांवर थोडा, पाण्यावर थोडा. शेंदराचा डबा उघडला नाही.

परत गोदामात आल्यावर माडसाबांनी जुनं कार्ड काढलं आणि नवं लिहायला घेतलं. जागा लिहिली. मग म्हणाले, सांगणाऱ्याचं नाव लिहितो, सोनाबाई. बाईंनी माझ्या दंडाला हात लावला. "माजं नको. मामंजींचं लिव्हा. उचलला त्यांनी." मग जरा थांबून, "आन मेंढीचं बी लिव्हा." माडसाबांनी ते खरंच लिहिलं, की हे हाड आधी एका मेंढीला सापडलं. मणका वरच्या बाकावर गेला, वाळूच्या ट्रेमध्ये. त्याच्या दोन्ही बाजूंना त्यांनी वाळू मोकळी सोडली. मागच्या-पुढच्यांसाठी, म्हणाले. मला वाटतं, ते येणार नाहीत हे त्यांनाही माहीत होतं.

परतीचा घाट

येताना मला सगळ्यांचंच वाईट वाटत होतं, मामंजींचंसुद्धा. गावात मान मिळावा म्हणून देव पुरायला लागला त्यांना. आणि बाईंनी ते इतकं घट्ट धरलं की स्वतःच्या लेकालाही कळू दिलं नाही. मी एवढी वर्षं त्यांच्या शेजारी बसून शेंदूर कालवला, पण लग्नाच्या पहिल्या साली त्या कुठं कुठं फिरल्या हे मला माहीत नव्हतं. नर्मदा ओलांडताना यावेळी मी विचारलं, बाई, तेव्हा कशी ओलांडली होती? म्हणाल्या, नावेतनं, मेंढरं लई ओरडत व्हती. एवढंच. मग झोपल्यासारखं केलं.

चाळीसगाव मागं पडलं, उन्हं कलली, घाट चढायला लागलो. ज्ञाना गाडी अगदी हळू चालवत होता. चाळीसच्याही खाली. एका वळणावर पुढं कुणाच्या तरी बकऱ्या रस्ता ओलांडत होत्या, म्हणून त्यानं गाडी थांबवली. इंजिनही बंद केलं. बकऱ्या जात होत्या, मागून बकऱ्यांची मालकीण चालली होती काठी घेऊन.

"मला इचारायचं व्हतंस," बाई म्हणाल्या.

मी तोंड उघडणार होते. मग ध्यानात आलं, हे मला नव्हतं.

ज्ञाना वळला नाही. आरशातसुद्धा बघितलं नाही. हात स्टिअरिंगवर तसेच. बकऱ्या संपल्या, रस्ता मोकळा झाला, तरी त्यानं गाडी सुरू केली नाही.

"इचारलं असतं तर सांगितलं असतंस का, माय?"

बाईंनी विचार केला. खरंच विचार केला, मला त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मागून एका मोटारसायकलवाल्यानं हॉर्न दिला, मग वळसा घालून निघून गेला.

"ठावं नाय," बाई म्हणाल्या. आणि थोड्या वेळानं, "पन इचारायचं व्हतंस."